‘क कमळाचा’ पाठ आहे, पण ‘कर’ वाचता येत नाही

काही वर्षांपूर्वी पहिलीतलं एक पोरगं माझ्यासमोर बसलं होतं. पाटीवर मी ‘कर’ लिहिलं आणि विचारलं काय लिहिलंय, तर ते एकदम खणखणीत आवाजात म्हणालं, "क कमळाचा, र रथाचा." मी म्हटलं बरोबर, पण दोन्ही मिळून काय? तर परत तेच, क कमळाचा र रथाचा. अख्खी मुळाक्षरं पाठ, बाराखडी गाऊन दाखवायचं, आणि वाचता एक शब्द येत नव्हता. चूक त्याची नव्हतीच, माझी होती, मी जूनपासून दिवाळीपर्यंत नुसती अक्षरं घोटून घेतली होती आणि जोडायला कधी शिकवलंच नव्हतं.

तापीकाठच्या गावात शिकवते मी, वर्गातली निम्मीअधिक पोरं घरी अहिराणी बोलतात. इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट पक्की कळलीय, वाचन अक्षर ओळखण्यात नाही अडकत, अक्षराला अक्षर जोडण्यात अडकतं. म्हणून खाली जे लिहितेय त्यात पहिल्या अक्षरांपासूनच जोडणं आहे. घरी आई, आजी, मोठी बहीण कोणीही करू शकतं, रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, पण रोज पाहिजेत, रविवारी एकदम दोन तास नको.

पोरगं कुठं उभं आहे ते आधी बघा

प्रथम संस्था २००५ पासून असर (ASER) नावाचं सर्वेक्षण करते, पोरांना वाचता येतं का ते त्यात बघतात, त्यात वाचनाच्या चार पायऱ्या असतात, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. घरी हेच करायचं. आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्या, जमला नाही तर पाच सुटे शब्द, तेही नाही तर पाच अक्षरं. पाचात चार बरोबर आले की ती पायरी आली असं धरायचं. पण शब्द पुस्तकातले देऊ नका, पुस्तक पोरांना तोंडपाठ असतं. बोट भलतीकडं आणि तोंड भलतीकडं चालू असतं आणि आपल्याला वाटतं किती छान वाचतंय. संशय आला तर शेवटच्या शब्दाकडून उलटं वाचायला लावा, लगेच कळतं.

आधी कान, मग डोळे

पहिले दोन आठवडे पाटी-पेन्सिल बाजूलाच ठेवा. पोराला बोललेल्या शब्दाचे तुकडे ऐकू यायला पाहिजेत, ते येत नसतील तर लिहिलेले तुकडे जोडता येत नाहीत. भाकरी थापता थापता पण होतं हे काम. टाळ्या वाजवून शब्द तोडायचा, के-ळी, का-पूस, वां-गी. ‘भाकरी’ला काही पोरं तीन टाळ्या वाजवतात काही दोनच, दोन्ही चालू द्या, कारण बोलताना आपण भाक्-री असंच म्हणतो, पोराचा कान बरोबरच ऐकतोय.

मग पहिला आवाज कोणता, शेवटचा कोणता. मग आवाज काढून टाकायचा, "वावर मधला वा काढ, काय राहिलं?" वर. मग बदलायचा, पान, त्यातला पा काढून का घाल, कान, आता रा घाल, रान. हा शेवटचा खेळ ज्याला जमला ते पोरगं वाचणारच असं समजा, मला तर कायम तसंच दिसलंय. प्रश्न अहिराणीत विचारले तरी चालतात, "हाई काय शे?" म्हटलं की लाजणारं पोरगंही बोलायला लागतं.

पहिला गट: म, न, ल, र, क आणि काना

अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं जायची काही गरज नाही. मुळाक्षरांचा क्रम व्याकरणासाठी एकदम शास्त्रशुद्ध आहे, कंठातून ओठापर्यंत उच्चाराप्रमाणे लावलेला, पण वाचायला शिकण्यासाठी तो नाही. क ख ग घ ङ शिकून पोराला वाचायला काय मिळतं, ‘ङ’नं सुरू होणारा तर एक शब्द सापडत नाही. त्याऐवजी असे पाच घ्या ज्यातून लगेच शब्द निघतील. म, न, ल, र यांचा आवाज लांबवता येतो, मम्म्म असा ओढता येतो, म्हणून जोडायला सोपे जातात, क तसा ओढता येत नाही पण त्याच्याशिवाय शब्द कमी पडतात म्हणून घेतला. त्यात काना घातला की बघा किती होतात: मका, काका, मामा, नाक, कान, काम, काल, रान, लाल, मान, मार, माल, नरम, कमान. पाच अक्षरं आणि एक काना, आणि पोरगं ‘काका, काम कर’ हे अख्खं वाक्य वाचतं. त्या दिवशीचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो खरंच.

शब्द त्याच्या माहितीतले पाहिजेत हे मात्र सांभाळा. तक्त्यावर ऐ ऐरणीचा असतो, आता ऐरण आमच्या वर्गातल्या कोणत्या पोरानं बघितलीय? आणि शब्द ओळखीचा नसला तर अक्षरं बरोबर वाचूनही तो डोक्यात पेटत नाही, कारण मराठीत लिहिल्यासारखंच तंतोतंत बोलत नाहीत. ‘घर’ मधल्या र चा अ आपण उच्चारत नाही, ‘सरकी’ला सर्की म्हणतो, ‘पालवी’ला पाल्वी. पोरगं आधी स-र-की असं वाचतं, मग एकदम थांबतं आणि म्हणतं सरकी! ढोरांना सरकी घालतात ते त्यानं रोज बघितलंय म्हणून जमतं ते.

जोडायचं कसं

इथं घाई करू नका. दोन पाट्या घ्या, एकीवर म दुसरीवर का. वीतभर अंतरावर ठेवा, पोराला एकेक वाचू द्या, म... का. मग पाट्या थोड्या जवळ आणा, परत, म..का. मग चिकटवा, मका. पोरांना पाट्यांबरोबर आपला आवाज जवळ येतोय हे दिसतं आणि समजतं. नंतर पाट्यांऐवजी बोट, शब्दाखालून बोट सरकवायचं आणि आवाज तोडायचा नाही, मअअअका. तोडला की परत पहिल्यापासून.

या काळात घरात दोन गोष्टी बंद. एक म्हणजे ‘क कमळाचा’, फक्त क म्हणायचं, चित्र ओळख करून द्यायला एक दिवस वापरा आणि सोडून द्या. दुसरी म्हणजे ‘क ला काना का’. ही सवय लई जुनी आहे आणि आजोबांना आवडते, पण पोरगं ‘मामा’ वाचताना म ला काना मा, म ला काना मा असं म्हणत बसतं आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरतं. त्यापेक्षा कपाशीची एक काडी तोडून आणा, पाटीवर म लिहा आणि काडी शेजारी उभी ठेवा, मा. काडी उचला, म. ठेवा, मा. पाच मिनिटं हाच खेळ सगळ्या अक्षरांवर. अक्षरातला अ जातो आणि आ येतो हे पोरांना हातानं समजतं, आणि मात्रेचं सगळं गणित तेवढंच तर आहे.

चुकलं तर शब्द सांगून टाकू नका, जे अक्षर चुकलं त्याच्यावर बोट ठेवा आणि "परत जोड" म्हणा. तीन-चार सेकंद थांबून आलं नाही तर मात्र ते अक्षर सांगा, ताटकळत ठेवण्यात काही शिकणं नाही, रडू येतं फक्त.

दुसरा गट आणि वेलांटी

पहिला गट दहा-बारा दिवसात बसतो, मग प, स, त, व, ग घ्या आणि दुसरी वेलांटी. हो, पहिली नाही, दुसरीच. त्याला दोन कारणं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि बोलताना नंतर येते, डावीकडून उजवीकडं वाचायला नुकतंच शिकलेलं पोरगं तिथं हमखास गोंधळतं. दुसरं म्हणजे मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो (आणि, परंतु असे थोडे सोडून), आणि पीक, कापूस, फूल अशा शब्दात शेवटून दुसरा पण दीर्घ, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या शब्दात दीर्घच जास्त भेटतो. आता आपल्याकडं तापी, सरकी, माती, पीक, तीन, काकी, मामी, गवत, वावर, तवा एवढे शब्द झाले. ‘काका, गवत काप.’ ‘काकी, तवा सरकव.’ ‘तापी पार कर.’ असं रोज पाच वाक्यांचं पान स्वतः लिहा, विकत आणायची गरज नाही, आणि त्यात न शिकवलेलं एकही अक्षर येऊ देऊ नका. अंदाजानं वाचायची सवय लागते ती इथंच लागते.

पुढचे गट तुमचे तुम्ही लावू शकता, फक्त दिसायला सारखी अक्षरं एका गटात नको. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष, ट-ठ-ढ, ड-इ यांच्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर पाहिजे, पहिलं पक्कं झालं की दुसरं. आणि ‘ख’ जरा जपून, तो र आणि व शेजारी ठेवल्यासारखा दिसतो. भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीत ‘खत’चं ‘रवत’ वाचणारी पोरं मी बघितलीत, आणि रंगवणाऱ्यानं खालची जोडणी केलेली नसते त्यामुळं पोराचंही बरोबरच असतं. च आणि ज चे दोन-दोन उच्चार आहेत, ‘चार’ वेगळा आणि गुरांचा ‘चारा’ वेगळा, त्याचा नियम सांगत बसू नका, शब्द ओळखीचा असला की पोरगं आपोआप बरोबर म्हणतं.

ळ चं काय करायचं

हा आपल्या खान्देशचा खास मुद्दा म्हणून सविस्तर सांगते. घरी पोरगं केळीला केयी म्हणतं, डोळ्याला डोया, शाळेला शाया, जळगावला जयगाव. ण चा पण न होतो, पानी. आता पुस्तकात ‘केळी’ आहे आणि पोरगं वाचतंय केयी. बऱ्याच ठिकाणी इथं पोराला बोलणी बसतात, हसणं होतं, आणि ते तोंड बंद करून टाकतं.

असं करू नका. ळ बघून त्यानं केयी म्हटलं म्हणजे त्यानं शब्द बरोबर ओळखला, अर्थ समजला, फक्त तोंडातला आवाज घरचा आला. एवढंच म्हणा, "हो, आपण घरी केयी म्हणतो, पुस्तकात असं लिहितात, केळी," आणि पुढं चला. आठवड्याभरात ते स्वतः दोन्ही बोलायला लागतं, वर्गात केळी आणि मायजवळ केयी. आणि त्यानं लिहिताना ‘केयी’ लिहिलं तर खरं म्हणजे खूश व्हा, कारण त्याला आवाज सुटे ऐकू येतात आणि आवाजाला अक्षर लावता येतं याचा तो पुरावा आहे, ळ शिकवणं आता फक्त एका दिवसाचं काम राहिलं.

शिकवताना अडचण अशी की ळ आणि ण नं मराठीत शब्द सुरूच होत नाही. भेंड्या खेळताना ‘केळी’वर गाडी अडते ती त्यामुळंच. म्हणून ही दोन अक्षरं मधल्या किंवा शेवटच्या आवाजावरून शिकवा, शाळा, फळा, केळी, माळ, धुळे, जळगाव.

शब्द बघताक्षणी ओळखणं

जोडून वाचणं जमलं की पुढची पायरी, दरवेळी न जोडता शब्द ओळखू येणं. काहींना वाटतं त्यासाठी शब्दाचा आकार पाठ करून घ्यावा, मला ते पटत नाही. बिस्किटाच्या पुड्याचं नाव तर तीन वर्षांचं लेकरू पण ‘वाचतं’, तेच नाव कोळशानं फरशीवर लिहा, वाचता येत नाही, कारण ते रंग वाचत होतं. शब्द डोळ्यात बसतो तो जोडून जोडून चार-सहा वेळा वाचल्यावर बसतो, काही पोरांना वीस वेळा लागतात, तेवढंच.

तरी थोडे शब्द असे आहेत की ते प्रत्येक गोष्टीत येतात आणि त्यातली अक्षरं अजून शिकवलेली नसतात: आहे, आणि, नाही, तो, होता, काय, म्हणाला. हे आठवड्याला तीन या हिशोबानं चिठ्ठ्यांवर लिहून ओळखीचे करून टाका, पण ते करतानाही शब्दातलं जे अक्षर पोराला येतं त्याच्यावर बोट ठेवून दाखवा.

सगळ्यात चांगला सराव एसटी स्टँडवर होतो. चोपडा, यावल, अमळनेर, शिरपूर, शहादा, पाट्या मोठ्या अक्षरात असतात आणि गाडी आली की वाचायची घाईही असते. बाजाराच्या दिवशी पोराला विचारा आपली गाडी कोणती. घरी आल्यावर तेच नाव एक अक्षर बदलून लिहा, ‘यावल’चं ‘यावर’, त्याला फरक दिसला तर ते खरंच वाचतंय.

त्याचं बोलणं, त्याचं पुस्तक

आठवड्यातून एकदा पोराला एक वाक्य सांगायला लावा, काल काय झालं ते, आणि जसं बोललं तसंच लिहून द्या. ‘मन्ही माय वावरमा गई.’ त्याच्या खाली ‘माझी माय वावरात गेली.’ स्वतःचं वाक्य असतं त्यामुळं ते पन्नास वेळा वाचतं आणि कंटाळत नाही. नंदुरबारकडं घरात भिलोरी किंवा पावरी बोलतात तिथंही हे असंच करता येतं, शिक्षकाला ती बोली येत नसली तर मोठ्या पोरांकडून लिहून घ्यायचं. दहा-बारा वाक्यं झाली की शिवून वही करा. घरात पुस्तक नाही ही तक्रार तिथं संपते.

शनिवारी पाच शब्दांचं श्रुतलेखन घ्या, मार्क नको. पोरगं लिहिताना ओठ हलवत शब्द तोडतंय का ते बघायचं फक्त.

जोडाक्षरं

सगळ्या मात्रा बसल्यावरच. आधी जी रोज तोंडात असतात ती, म्हैस, म्हातारी, अप्पा, पत्ता, पिल्लू, त्या, घ्या, प्या. प, म, स, त, न, ग अशा शेवटी दंड (उभी रेघ) असलेल्या अक्षरांपासून सुरू करा, दंडावर बोट ठेवून झाका, जे उरलं ते अर्धं अक्षर. क आणि फ ची नुसती शेपटी कापायची. ट, ड, द, ह यांचा पाय मोडतो, ते नंतर. बोलताना आपण पत्-ता म्हणतो, म्हणजे अर्धं अक्षर मागच्याला चिकटतं, हे टाळी वाजवून एकदा दाखवलं की अडत नाही.

र चे चार प्रकार आहेत, सूर्य, चक्र, ट्रक आणि दऱ्या. एका दिवशी एकच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि सातपुड्यातल्या ‘दऱ्या’ वेगळ्या, हे शेजारी लिहून दाखवा. ॲ आणि ऑ २००९ च्या शासन निर्णयापासून वर्णमालेत आहेतच, बॅग, डॉक्टर, ट्रॅक्टर हे शब्द पोरांच्या तोंडात आधीपासून असतात म्हणून त्याला वेगळा वेळ लागत नाही.

वेग

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द समजून वाचणं असं लक्ष्य आहे. ‘समजून’ हा शब्द विसरू नका. घड्याळ लावायचं ते अडखळणं कमी झाल्यावर, त्याआधी लावलं तर पोरगं शब्द गिळायला लागतं. आणि मराठीत ‘वावरातल्या’ हा एकच शब्द आहे हेही ध्यानात ठेवा, इंग्रजीच्या आकड्यांशी तुलना नको. वेग वाढवायचा सोपा उपाय म्हणजे तोच उतारा तीन दिवस, पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर, तिसऱ्या दिवशी ते एकटं.

इंग्लिश मिडीयमवाल्यांसाठी थोडं

तिथंही तत्त्व हेच, एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरू करतात कारण त्यातून लगेच शब्द निघतात, सॅट, पिन, टॅप, नॅप. आपल्या पोरांची एकच खास अडचण, आपण प्रत्येक व्यंजनाला अ लावून शिकलेलो असतो, त्यामुळं टी चा आवाज आपण ‘ट’ असा सांगतो आणि मग ट-ॲ-प जोडताना गाडी अडते. पाय मोडलेला ट् सांगा, प् सांगा. आणि शक्य असेल तर आधी मराठीत जोडता येऊ द्या, जोडायची ही कला एकदा आली की दुसऱ्या लिपीत परत शिकावी लागत नाही.

येतच नसेल तर

कापूस वेचणीच्या दिवसात पोरं दोन-दोन आठवडे शाळेत नसतात, ते विसरले म्हणून ढ ठरवू नका, मागच्या गटापासून चार दिवस उजळणी घ्या आणि परत सुरू करा. पण रोज नियमित करूनही सहा-आठ महिन्यांत दोन अक्षरं जोडता येत नसतील तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, सर्दीनं कान वाहणारी कितीतरी पोरं प आणि ब मधला फरक ऐकूच शकत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे पोरांची तब्येत तपासणारं सरकारी पथक शाळेत येतं तेव्हा हे स्वतः सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका. तिथं काही निघालं नाही आणि पोरगं बोलण्यात, हिशोबात हुशार असून वाचनातच अडतंय, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे आणि जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करता येते. तोवर घरातली ती दोन पाट्यांची जोडणी चालूच ठेवा, अशा पोरांना तीच लागते, फक्त जास्त दिवस लागते.